नकार मिळाला तरी सरकारवरचा विश्वास टिकतो का?

तुम्ही विचारलंय की सरकारी यंत्रणांवरचा लोकांचा विश्वास कशाने ठरतो, काम झालं की बसतो आणि अडलं की उडतो, एवढंच आहे का. मला विचाराल तर काम होण्यापेक्षा नकार कसा मिळाला यावर जास्त ठरतं.

टॉम टायलर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८४ मध्ये शिकागोतल्या १,५७५ लोकांना पोलीस आणि कोर्टाबद्दल विचारलं होतं. त्यात दिसलं असं की निकाल विरोधात गेला तरी आपलं म्हणणं ऐकून घेतलं, नियम सगळ्यांना सारखा लावला, नीट बोलले, असं वाटलं तर माणूस निकाल बऱ्यापैकी मान्य करतो. आणि उलटंही बघा ना, काम झालं पण वशिल्याने झालं, तर त्या माणसाचा विश्वास ओळखीवर बसतो, ऑफिसवर नाही, आणि रांगेत मागे उभे असलेले दहा जण घरी जाऊन जे सांगतात ते वेगळंच.

ओईसीडीने, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेने, २०२३ मध्ये ३० देशांत सर्व्हे केला होता. ज्यांना वाटतं सरकारच्या कारभारात आपलं काहीतरी चालतं, त्यातल्या ६९% लोकांचा केंद्र सरकारवर विश्वास होता, आणि ज्यांना वाटतं आपलं कोण ऐकतंय, त्यांच्यात फक्त २२%. आता विश्वास आहे म्हणून ऐकतात असं वाटतं की ऐकतात म्हणून विश्वास, हे सर्व्हेतून सिद्ध होत नाही, पण फरक केवढा आहे! त्याच सर्व्हेत पोलिसांवर ६३%, कोर्टावर ५४% आणि राजकीय पक्षांवर २४%, म्हणजे 'सरकार' हे लोकांसाठी एकच गाठोडं नाहीये.

खोटं बोलणं मात्र फार महागात पडतं. अमेरिकेत १९६४ ला ७७% लोक केंद्र सरकारवर भरवसा ठेवायचे, मग व्हिएतनाम युद्धाबद्दल सरकार खोटं बोललं, वॉटरगेट झालं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या लोकांची हेरगिरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न उघड झाला, आणि १९७४ ला आकडा ३६% वर. नंतर वरखाली झाला, पण ती जुनी पातळी टिकून अशी परत आलीच नाही.

जाहिराती करून विश्वास वाढतो यावर माझा काडीचा भरवसा नाही. एस्टोनिया या युरोपातल्या छोट्या देशात नागरिकाला ऑनलाइन बघता येतं की आपली सरकारी माहिती कुठल्या खात्याने कधी उघडली. तिथे 'आमच्यावर विश्वास ठेवा' म्हणायची गरजच कमी पडते, लॉग, म्हणजे ती नोंद, उघडायची आणि खटकलं तर जाब विचारायचा.