हौदात पाणी किती ते बघून तोटी सोडा: न जाणाऱ्या थकव्यावर तुमचे प्रश्न

क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे झोपून, खाऊन, सलाईन लावूनही न जाणारा थकवा. यावर बरेच प्रश्न साचलेत, त्यातले चार घेतोय. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

सर, मी माजलगावकडची, वय ३६. मागच्या वर्षी चिकनगुनिया झालता, ताप पाच दिवसात गेला पण अंगातलं बळ गेलं ते आलंच नाही. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून दसरा काढला, गोधड्या धुतल्या, तर तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर होईना. रिपोर्ट सगळे नॉर्मल. सासूबाई म्हणायल्यात काम नको म्हणून सोंग आहे. आता मलाच शंका यायली.

ताई, सोंग करणारं माणूस गोधड्या धुवून मग आजारी पडत नाही, ते धुवायच्या आधीच पडतं. तुम्ही जे लिहिलंय ना, काम आज केलं आणि फटका उद्या-परवा बसला, हीच या आजाराची सगळ्यात मोठी खूण. साधा थकवा रात्री झोपलं की उतरतो, हा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी चढतो आणि मग कधी चार दिवस तर कधी पंधरा दिवस उतरतच नाही. सोबत झोपून उठलं तरी न झोपल्यासारखं वाटणं, आणि डोकं जड होऊन शब्द न सुचणं नाहीतर उभं राहिलं की गरगरणं. २०१५ च्या अमेरिकन निकषांत हेच आहे, आणि हे सगळं सहा महिन्यांच्या वर चाललेलं पाहिजे.

पण नाव देण्याआधी एकदा नीट तपासून घ्या. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल' म्हणणाऱ्या फायलीत बऱ्याचदा नुसतं हिमोग्लोबिन आणि शुगर असते. थायरॉइड, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी, किडनी, लिव्हर, ईएसआर (अंगात कुठं सूज-दाह आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) एवढं तरी बघितलंय का ते बघा. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने दुखू शकतात, ते वेगळं प्रकरण, सांधे सुजत असतील तर तसं डॉक्टरांना सांगा. आणि वजन उतरायलंय, संध्याकाळचा ताप येतोय, रात्री घाम फुटतोय असं असेल तर या आजाराचं नाव घेऊन घरी बसू नका, आधी टीबी बघा.

आता सोंगाचं. १९५५ ला लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात जवळपास तीनशे जण असे आजारी पडले, बहुतेक हॉस्पिटलचाच स्टाफ, काही महिने हॉस्पिटल बंद ठेवावं लागलं. आणि १९७० ला दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एकाही पेशंटशी न बोलता नुसती जुनी कागदं चाळून सांगितलं की हा मास हिस्टेरिया, म्हणजे एकमेकांचं बघून पसरलेलं मनाचं दुखणं, कारण काय तर बायकाच जास्त पडल्या होत्या! म्हणजे सासूबाई एकट्या नाहीत, त्यांच्या आधी डॉक्टरांनीच हे करून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र १९६९ लाच हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत धरला होता. हे त्यांना वाचून दाखवा, पण आवाज चढवून नको, भांडणातही ताकद जाते.

आता करायचं काय. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको, आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा घराघरात बायका घागरी मोजत होत्या, अगदी तोच हिशोब अंगाचा करायचा. हौद भरल्यासारखा वाटला म्हणून सगळं धुणं एका दिवसात काढायचं नाही. पंधरा दिवस वहीत लिहा, आज काय काय केलं आणि दोन दिवसांनी कसं वाटलं, मग आपली मर्यादा कुठं आहे ते आपोआप दिसतं, आणि काम त्या मर्यादेच्या अलीकडंच थांबवायचं. दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं, हे पहिले दोन-तीन महिने लई अवघड जातं, कारण आपल्याला लहानपणापासून उलटंच शिकवलंय. भाकरी ओट्याशी उभं राहून थापण्यापेक्षा खाली शेगडी घेऊन बसा, वीस मिनिटं काम की वीस मिनिटं आडवं, डोळे मिटून, आणि मोबाईल बघत पडणं याला आराम म्हणत नाहीत. लग्नाला जाऊन नुसतं खुर्चीवर बसलात तरी गोंगाट, ऊन, बोलणं यात हौद रिकामा होतो, तेही वहीत लिहा.

मुलगा १९ वर्षांचा, लातूरला नीटची तयारी करायलाय, रिपीटर. तापानंतर वर्ष झालं, तेच पान तीन-तीनदा वाचतो, उभं राहिलं की चक्कर. आळस जावा म्हणून मी त्याला पहाटे पाचला उठवून पळायला लावायलोय. बरोबर करायलोय का? (एक वडील, नांदेडकडचे)

दादा, ते पळणं आजच बंद करा. तुमची चूक नाही, मोठमोठ्यांचीही हीच समजूत होती. कुठल्या आजारावर काय उपचार करावेत हे सांगणारी ब्रिटनची नाइस नावाची संस्था २००७ मध्ये व्यायाम थोडा थोडा वाढवत न्यायला सांगत होती आणि २०२१ ला त्यांनीच ते काढून टाकलं. पळून आळस जातो, हा आजार वाढतो.

चक्करेसाठी घरीच एक करून बघा. दहा मिनिटं आडवं झोपवून नाडी मोजा, मग भिंतीला पाठ टेकून उभं करा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला मोजत रहा, तुम्ही शेजारीच थांबा, गरगरलं की लगेच झोपवायचं. त्याच्या वयात ठोके आडवं असतानापेक्षा तीस-चाळीसनं वाढले आणि वाढलेलेच राहिले तर तो कागद घेऊन फिजिशियनकडं जा. पाणी जास्त, मीठ जास्त, पायात घट्ट मोजे एवढ्यानंही बऱ्याच पोरांना फरक पडतो, फक्त मीठ वाढवायच्या आधी बीपी आणि किडनी बघून घ्या, आणि घरातल्या बीपीवाल्या आजोबांनी त्याचं बघून ताकात मीठ वाढवू नये. अभ्यास उशीला टेकून, पाय वर घेऊन, पंचवीस-पंचवीस मिनिटांचा. जमलं तर लेक्चर रेकॉर्डेड. आणि या वर्षी परीक्षा द्यायचीच का, हे त्याच्याशी बसून बोला, फी भरलीय म्हणून नको.

दर महिन्याला ताकदीचं सलाईन आणि पिवळं इंजेक्शन घेतो, दोन दिवस बरं वाटतं. चालू ठेवू का? (सेलूचे शेतकरी)

नका ठेवू. सलाईनमध्ये मीठ-पाणी नाहीतर साखर-पाणी असतं, पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सचा. ते दोन दिवस बरं वाटतं ना, त्यात थोडं पाणी अंगात गेल्याचं आणि थोडं तास-दीड तास गुमान पडून राहिल्याचं. बी-१२ खरंच कमी असेल तर इंजेक्शन घ्याच, पण तपासून. आणि बाटलीत आणखी काय सोडतात ते विचारत चला, कुणी कुणी स्टिरॉइड टाकतात, मग माणूस एकदम तरतरीत आणि पुढं शुगर, बीपी, हाडं सगळ्याचंच वाटोळं. हे पैसे वाचवून फेरिटिन आणि थायरॉइड करून घ्या.

हा आजार पूर्ण बरा होतो का? खरं सांगा. (बायको तीन वर्षांपासून आजारी असलेले एक गुरुजी)

गुरुजी, खरं सांगतो. पूर्ण बरे होणारे मोठ्या माणसांत कमीच, लहान मुलांत त्यापेक्षा जास्त. आजार मुळापासून घालवणारं औषध अजून नाही. झोप, दुखणं, चक्कर यांच्यावर गोळ्या आहेत, त्या अगदी कमी डोसनं सुरू कराव्या लागतात कारण या पेशंटला औषधं लवकर बाधतात. पण हिशोबानं वागून आठवड्यातून चार दिवस आडव्या असणाऱ्या बाई एकाच दिवसावर आलेल्या मी बघितल्यात, आणि त्यांच्या घरी औषध तेच होतं, फरक एवढाच की पाणी भरणं आणि संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्यानं कायमचा अंगावर घेतला, 'आज बरी दिसतेस, आज तू कर' हे वाक्य सोडून दिलं. तुमची शाळा पाचला सुटत असेल तर भाकरी नाही, निदान खिचडीपासून सुरू करा.