अंतराळ पर्यटनाचं प्रदूषण: टन मोजण्याआधी उंची बघा

तुमचं म्हणणं असं की जगभरातली विमानं जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यापुढे हौशी प्रवाशांची रॉकेटं म्हणजे दर्या में खसखस. मग एवढी ओरड कशाला? कार्बन डायऑक्साइडच्या एकूण आकड्यापुरतं हे खरं आहे. पण या प्रकरणात मुख्य आरोपी तो नाहीच. काजळी आहे.

गाड्यांची, कारखान्यांची काजळी पावसाबरोबर काही दिवसांत खाली येते. स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वर साधारण ५० किलोमीटरपर्यंत पसरलेल्या हवेच्या थरात, पाऊस पडत नाही. तिथे सुटलेली काजळी काही वर्षं तरंगत राहते, ऊन शोषते आणि भोवतालची हवा तापवते. ओझोनचा थरही नेमका तिथेच. २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी हिशोब मांडला होता: रॉकेटची काजळी जमिनीलगतच्या काजळीपेक्षा तापमानवाढीला सुमारे ५०० पट जास्त हातभार लावते.

व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचं 'युनिटी' हे पर्यटक यान बघा. २०२४ पर्यंत ते उडत होतं. वाहक विमान त्याला साधारण १३-१४ किलोमीटरवर नेऊन सोडायचं, मग त्याचं इंजिन पेटायचं आणि मिनिटभर जळायचं. इंधन रबरासारखं घन, ते जाळायला जोडीला नायट्रस ऑक्साइड. म्हणजे त्याचा धूर जवळजवळ सगळा नको त्याच उंचीवर सुटायचा. बदल्यात प्रवाशांना काही मिनिटांची वजनरहित अवस्था.

ब्लू ओरिजिन कंपनीच्या 'न्यू शेपर्ड' या पर्यटक रॉकेटमध्ये द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे काजळी नाही, वाफ निघते. 'फक्त पाणी' हे जाहिरातीला छान वाटतं, पण जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच बनतो, आणि त्या पद्धतीत किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. शिवाय स्थितांबर मुळात कोरडं, तिथे वाफही उष्णता अडवते. तरीही दोन्हींतून निवडायचंच झालं तर मी हायड्रोजन निवडेन.

नुसतं वर जाऊन खाली न येता पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२१ मध्ये 'इन्स्पिरेशन४' मोहिमेत चौघे जण स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटवरून तीन दिवस फिरून आले. त्या रॉकेटमध्ये दीडशे टनांच्या आसपास शुद्ध केलेलं रॉकेल असतं. माणशी वाटणी केलीत तर कार्बन डायऑक्साइडही बोचायला लागतो: प्रत्येकाच्या नावावर शंभर टनांच्या घरात. जगातल्या सरासरी माणसाचा वर्षाचा आकडा पाच टनांच्या आत आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. आजची बहुतेक उड्डाणं उपग्रहांसाठी होतात, पर्यटकांसाठी नाही. काळजी आहे ती वारंवारतेची. अमेरिकेच्या 'नोआ' या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासात रॉकेटांची काजळी तेव्हाच्या सुमारे दहापट, म्हणजे वर्षाला १०,००० टन झाली तर काय, हे तपासलं होतं. उत्तर आलं, स्थितांबर अर्धा ते दोन अंश सेल्सियसने तापेल आणि ओझोनही घटेल. रोज उड्डाणं करायची स्वप्नं विकणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

यावर बंधन म्हणाल तर ओझोन वाचवणारा १९८७ चा माँट्रियल करार रॉकेटच्या धुराला लागूच होत नाही. आणि 'आम्ही झाडं लावून भरपाई करतो' असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा, चाळीस किलोमीटरवरची काजळी कुठलं झाड शोषतं?