‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे कच्चे खर्डे वाचायचे तर सुरुवात कुठून करावी?

थेट ‘द रिटर्न ऑफ द शॅडो’पासून (1988). कादंबरीचा लेखक टॉल्कीन याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, वडिलांचे खर्डे लावून छापलेल्या ‘हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ’ मालेचा हा सहावा खंड. कादंबरीचा प्रवास सहाव्यापासून नवव्याच्या पहिल्या भागापर्यंत आहे. आधीचे पाच आत्ता बाजूला ठेवलेत तरी अडत नाही.

मजा सहाव्यातच जास्त. इथे कादंबरीचा नायक फ्रोडो याचं नाव चक्क बिंगो आहे. पुढे राजा होणाऱ्या ॲरागॉर्नचा पत्ताच नाही, त्याच्या जागी लाकडी बूट घालून फिरणारा ट्रॉटर नावाचा एक हॉबिट, म्हणजे फ्रोडोच्याच बुटक्या जमातीतला! आणि रस्त्यावर मागून घोड्याच्या टापा येतात, हॉबिट लपतात, तो प्रसंग आठवतोय? पहिल्या खर्ड्यात तो घोडेस्वार जादूगार गँडाल्फ होता. लिहिता लिहिता तो काळा स्वार झाला, आणि हा स्वार नक्की कोण, हे लेखकालाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

मूळ कादंबरी शेजारी उघडी ठेवा आणि एकच प्रकरण घेऊन ताडून बघा. सलग वाचायला गेलात तर कंटाळाल, तेच प्रकरण चार-चारदा येतं. मूळ हस्तलिखितं अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट (Marquette) विद्यापीठात आहेत, पण तुमचं काम छापील खंडांवर भागेल.