थेट मत न देता देशाचा नेता निवडला कसा जातो?

मतपत्रिकेवर पंतप्रधानपद कुठेच नसतं, मग त्यांना निवडतं कोण, हा प्रश्न अगदी रास्त आहे. मतदार निवडतो आपला खासदार. पुढे सभागृहात ज्याच्या पाठीशी बहुमत, तो सरकारचा प्रमुख. बहुतेक संसदीय देशांत हे असंच चालतं.

काही ठिकाणी त्यासाठी खरोखर मतदान होतं. जर्मनीत खासदार चॅन्सेलरची, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाची, निवड गुप्त मतदानाने करतात. मे २०२५ मध्ये फ्रीडरिश मेर्झ यांना बहुमतासाठी ३१६ मतं हवी होती, पहिल्या फेरीत पडली ३१०. युतीचं संख्याबळ पुरेसं होतं, तरीही! त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ३२५ मतं मिळाली आणि ते निवडून आले. खासदार म्हणजे नुसते शिक्के नव्हेत, हे यातून छान कळतं.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे ५३८ निर्वाचक, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेले आणि अध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी असतात, त्यातले २७० मिळाले की अध्यक्षपद. त्यामुळे २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार जिंकला. मला हे मनापासून खटकतं. संसदीय पद्धतीत निदान बहुमत गेलं की नेत्याला मुदतीआधीच जावं लागतं. १९८२ मध्ये जर्मन संसदेने हेल्मुट श्मिट यांना हटवून त्याच मतदानात हेल्मुट कोल यांना निवडलं होतं.