चहा होईपर्यंत यादी उघडत नाही

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी मी जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये देवघेवीचं सॉफ्टवेअर केलंय. ॲडमिनच्या (जँगोच्या तयार व्यवस्थापन-पानांच्या) यादीत आधी नुसतं ‘देवघेव ऑब्जेक्ट (1)’ असं दिसायचं, म्हणून सभासदाचं आणि पुस्तकाचं नाव देणारी दोन फंक्शन्स लिहून लिस्ट_डिस्प्लेमध्ये (यादीत कोणते रकाने दिसावेत ते इथे ठरतं) घातली. पण आता पान उघडेपर्यंत ग्रंथपाल बाईंचा चहा होतो! नावाच्या शीर्षकावर क्लिक केलं तर क्रमही लागत नाही. आणि ‘परत आलं’ ही खूण यादीतच करता येईल का?

उत्तर : सर्व्हरला शिव्या घालू नका, तो बिचारा पळून पळून दमलाय. जँगो एका पानावर मुळात 100 ओळी दाखवतो. तुमची फंक्शन्स दर ओळीला डेटाबेसकडे जाऊन आधी सभासद विचारतात, मग पुस्तक. झाल्या 200 खेपा. यादी खिशात असताना मीठ आणायला एकदा नि जिरं आणायला परत एकदा वाण्याकडे जावं, तसं. लिस्ट_डिस्प्लेमध्ये थेट फॉरिन की (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणारं फील्ड) असती तर जँगोने आपणहून सगळं एकदमच आणलं असतं. फंक्शनच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही. तेव्हा जोडलेल्या नोंदी एकदमच आणायला सांगणाऱ्या लिस्ट_सिलेक्ट_रिलेटेडमध्ये सभासद आणि पुस्तक ही दोन्ही फील्ड्स द्या. एका ओळीचं काम.

क्रमाचं कारणही तेच. फंक्शनवर ॲडमिन.डिस्प्ले हा डेकोरेटर, म्हणजे फंक्शनच्या डोक्यावर लिहायची ओळ, लावा (जँगो 3.2 पासून आहे) आणि त्यात ऑर्डरिंग म्हणून सभासद__नाव लिहा, मधे दोन अंडरस्कोअर. तुमच्याकडे 5.1 किंवा पुढची आवृत्ती असेल तर तेच थेट लिस्ट_डिस्प्लेमध्ये चालतं, फंक्शन काढून टाका.

‘परत आलं’ लिस्ट_एडिटेबलमध्ये टाकलं की यादीतच चौकट येते. मीही एका ठिकाणी हौसेने दिली होती. दोन टेबलांवर दोघांनी तेच पान उघडलेलं. पहिलीने सहा पुस्तकं जमा करून सेव्ह केलं. दुसऱ्याच्या पडद्यावर ती सहा अजून रिकामीच होती. त्याने आपलं एक जमा केलं, सेव्ह दाबलं, आणि तिची सहाही परत ‘बाहेर’ गेली. संध्याकाळी सभासदांशी वाद झाले ते वेगळेच. सेव्ह करताना पानावरच्या सगळ्या ओळी जातात, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही त्याऐवजी ‘परत आली’ अशी ॲक्शन लिहा. बाई ओळी निवडतील, वरच्या यादीतून ती ॲक्शन घेतील. ज्या निवडल्या तेवढ्याच बदलतील.