फेलोशिपमधला रिसर्च: तुझ्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

प्रिय,

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता पण दोन ओळीत उरकण्यासारखी गोष्ट नाही म्हणून आज बसून लिहितेय. पेडियाट्रिक गॅस्ट्रोच्या, म्हणजे मुलांच्या पोट-यकृताच्या आजारांच्या, फेलोशिपचे सहा महिने झाले, स्कोपीत (दुर्बिणीने आतून तपासण्यात) हात बसायला लागलाय, पण रिसर्चला विषयच सुचत नाहीये, आणि गाईडनी सुचवलेल्या तिन्ही विषयांत मन लागत नाहीये असं तू लिहिलंयस. मला वाटतं तू विषय पेपरांमध्ये शोधतेयस. पेपर वाचायचेच, पण प्रश्न ओपीडीत सापडतो, म्हणजे जिथे तू आईबाबांना काहीतरी सांगतेस आणि सांगताना आतून जाणवतं की हे आपण फक्त सवयीने सांगतोय, तिथे थांब आणि ते वाक्य त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. महिन्याभरात दहाबारा वाक्यं जमतील, त्यातली आठ कुणीतरी आधीच शोधलेली निघतील, उरलेल्यांत तुझा विषय असतो.

सीलिॲकचंच बघ ना, गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना युद्धकाळात पाव मिळेना तेव्हा गव्हाचा हा संबंध सुचला अशी गोष्ट सगळे सांगतात, पण ते त्याच्याही आधी, १९३० च्या दशकातच, मुलांचा गहू बंद करून बघत होते. नुसतं 'मुलं बरी दिसतात' एवढ्यावर कुणाचं समाधान झालं नसतं. मग व्हॅन डी कामर यांनी शौचातली चरबी मोजायची सोपी पद्धत बसवली, मुलांना गहू देऊन आणि गहू बंद करून ती चरबी मोजली गेली आणि १९५० मध्ये डिकेंचा प्रबंध आला. वॉर्डात दिसलेलं आधी, मोजमाप नंतर, आणि मोजमाप कसलं तर शौचाचं! आपल्या विषयात याची लाज वाटून चालत नाही. बिलिअरी अट्रेशियात, म्हणजे बाळाच्या पित्तनलिका बंद असतात आणि शौच फिकट होतं त्या आजारात, कसाई ऑपरेशन (कसाई या जपानी सर्जनच्या नावाचं, पित्ताला वाट करून देणारं) जितकं लवकर तितकं चांगलं, साधारण ६० दिवसांच्या आत व्हावं असं आपण म्हणतो, पण बाळ वेळेत पोचणार कसं? तैवानने २००४ पासून देशभर शौचाच्या रंगाचं कार्ड आईबाबांच्या हातात दिलं आणि बाळं लवकर यायला लागली. जीन नाही, महागडं मशीन नाही, एक रंगीत कार्ड. म्हणून 'माझा प्रश्न फारच छोटा आहे' असं मनात आणू नकोस. फेलोशिपमध्ये तो छोटाच हवा, कारण रिसर्चसाठी मोकळे म्हणून जे महिने कागदावर दिसतात ते ड्युट्या आणि रजा धरून निम्मेच हातात येतात, आणि एथिक्स कमिटीची परवानगी यायला तुझ्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज आधी.

आता माझी चूक सांगते, कारण ती तू करू नयेस असं मनापासून वाटतं. माझा पहिला प्रोजेक्ट बद्धकोष्ठतेवर होता, जुन्या केसपेपरवरून. मी उत्साहात शेकडो फायली काढल्या, एक्सेलमध्ये भरत सुटले, आणि चार महिन्यांनी स्टॅटिस्टिशियनने विचारलं की बद्धकोष्ठता म्हणजे नेमकं काय धरलंय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. रोमच्या निकषांत, म्हणजे पोटाच्या अशा तक्रारींच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या व्याख्यांत, आठवड्यात किती वेळा शौचाला होतं, कपड्यात होतं का, दुखतं का, रोखून धरतात का हे सगळं लागतं आणि फायलींत बहुतेक ठिकाणी नुसता एक शब्द लिहिलेला, म्हणजे लिहिणाऱ्या प्रत्येकाची व्याख्या वेगळी. सगळं बाजूला ठेवावं लागलं. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला सांगते की आधी व्याख्या कागदावर लिही, मग फक्त दहा फायली काढ, आणि त्या दहांत तुला हवी ती माहिती मिळते का बघ. नाही मिळाली तर प्रश्न बदल, दहा फायलींवर बदलणं परवडतं. आणि स्टॅटिस्टिशियनला पहिल्या आठवड्यात भेट, डेटा गोळा झाल्यावर भेटून काही उपयोग नसतो.

ऑथरशिपचं बोलणंही सुरुवातीलाच करून घे, कुणाचं नाव कुठे, ते. अवघड वाटतं पण नंतर जास्त अवघड होतं. आणि मुलांवर अभ्यास असेल तर आईबाबांची सही झाली म्हणून काम संपलं असं नाही, आठनऊ वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत त्यालाही विचार, आणि ते 'नको' म्हणालं तर ज्या जादा रक्ताचा उपयोग फक्त तुझ्या अभ्यासाला आहे ते घेऊ नकोस. याबाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही.

शिकण्याबद्दल विचारलंस. स्कोपीचे आकडे मोजणारे फेलो खूप बघितले, पण आपण घेतलेल्या बायोप्सीची स्लाईड पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून बघणारे फार थोडे. तू बस. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिसमध्ये, म्हणजे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमून अन्ननलिकेला सूज येते त्यात, एका हाय पॉवर फील्डमध्ये (सूक्ष्मदर्शकातून मोठं करून दिसणाऱ्या एका भागात) १५ इओसिनोफिल हा आकडा पाठ असतो सगळ्यांना, पण ते ठिपके एका तुकड्यात दाट आणि शेजारच्या तुकड्यात जवळजवळ नाहीतच हे डोळ्यांनी बघितलं की वेगवेगळ्या जागांहून निदान सहा तुकडे घ्यायचा कंटाळा कायमचा जातो. जर्नल क्लबमध्ये, जिथे आपण एकत्र पेपर वाचतो, निष्कर्ष शेवटी वाच, आधी बघ कोणती मुलं अभ्यासात घेतली आणि कोणती गळाली, बऱ्याचदा खरी गोष्ट तिथेच असते. आणि रेसिडेंटना शिकव, अगदी रात्रीच्या ड्युटीत पाच मिनिटं का होईना. दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) का बघायचंच, एवढं एक जरी तू नीट समजावलंस तरी उद्या ते एखादं बाळ तुझ्याकडे वेळेत पाठवतील, आणि त्यांच्या उलटसुलट प्रश्नांतून तुझ्या वहीत भर पडेल ती वेगळीच.

गाईडचे तीन विषय लगेच नाकारू नकोस, त्यातल्या एखाद्याला तुझ्या वहीतलं वाक्य जोडता येतं का बघ. मग एका पानावर प्रश्न, व्याख्या आणि शेवटी पेपरमध्ये जे टेबल यावं असं तुला वाटतं ते रिकाम्या चौकटींसकट आखून मला पाठव. रविवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, फोनवर एकेक चौकट घेऊन बसू.

तुझी,
मॅडम