अमेरिकेच्या ग्रामीण भागात शेरीफचे डेप्युटी गस्तीवर नेमकं काय करतात?

शेरीफ म्हणजे काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) पोलीसप्रमुख आणि डेप्युटी म्हणजे त्याच्या हाताखालचे पोलीस. ज्या वस्तीला स्वतःचं शहर पोलीस दल नाही, तिथलं जवळपास सगळं पोलिसी काम तेच करतात: घरगुती भांडणं, चोऱ्या, अपघात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची विचारपूस, रात्री रस्त्यावर आलेली गुरं हाकलणं. कोर्टाच्या नोटिसा बजावणं आणि घर रिकामं करून घेणं हेही शेरीफच्या कार्यालयाकडेच असतं, आणि छोट्या काउंटीत ते बहुतेक गस्तीवाल्यांच्याच गळ्यात पडतं. ओरेगॉन राज्यात तर डोंगरात हरवलेल्यांचा शोध ही कायद्यानेच शेरीफची जबाबदारी आहे.

खरी अडचण अंतराची. ओरेगॉनच्याच हार्नी काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे 26,000 चौ. किमी, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट, आणि वस्ती साधारण साडेसात हजार. अशा ठिकाणी डेप्युटी गाडीत एकटाच असतो, मदतीची दुसरी गाडी यायला तासभरही लागू शकतो. म्हणून दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला बेड्या घालण्याआधी बोलण्यात गुंतवून शांत करणं हेच त्याचं मुख्य कौशल्य, सिनेमातली गोळीबारी नव्हे. शेरीफ स्वतः निवडून येतो, डेप्युटी मात्र नेमलेले कर्मचारी असतात.

फक्त हे सगळ्या राज्यांना लावू नका. पेनसिल्व्हेनियात शेरीफकडे मुख्यतः कोर्टाचं काम असतं आणि खेड्यांतली गस्त बहुतांशी राज्य पोलीस घालतात. कनेक्टिकटमध्ये काउंटी शेरीफ हे पदच उरलेलं नाही.